जागा

मोत्लालेपुला म्हणजे पाऊस घेऊन आलेला.
हे त्यानंच सांगितलं,
उशांच्या ढिगावर पुढे वाकून बसलेला,
एका श्वासाला दोन शब्द.
आडवं केलं की जीव जायचा त्याचा.

थाबा-त्सेका. जुलै. रात्रीचे दोन.
बाहेर बर्फ, आत जनरेटर खोकत होता.
खाटेशी त्याची बायको, मामोत्सेको,
खांद्यावर ब्लँकेट, त्याला मोठी पिन.
म्हणाली, पाय सुजले म्हणून खाली गोळ्या दिल्या,
लघवी होण्याच्या.
दिवसातून दोनदा.
मी एकही चुकवली नाही, डॉक्टर.

मी काही बोलले नाही.
त्या गोळ्यांनी शिरांतलं पाणी काढून नेलं होतं,
जे आता लागत होतं, थेंब न् थेंब.
आणि जे काढायचं ते जागच्या जागी.

मानेच्या शिरा फुगून दोरखंड झालेल्या.
छातीला स्टेथोस्कोप लावला तर
शेजारच्या घराचं दार कुणी ठोठावतंय,
तेही मुठीला ब्लँकेट गुंडाळून.
मनगट धरलं.
श्वास आत, नाडी बुडाली.
श्वास बाहेर, नाडी वर.
पुन्हा बुडाली.

स्क्रीनवर काळा पट्टा, चहूकडून.
मधे काळीज, झोके घेणारं,
त्याचा उजवा कप्पा दर ठोक्याला आत चेपणारा,
बाहेरून कुणी अंगठा दाबतंय जसा.
पंप बिघडलेला नाही, मी त्याला म्हटलं,
न्ताते, त्याला उघडायला जागा नाही.

तो हसला. खरंच हसला.
एकोणीस वर्षं कात्सेच्या धरणात,
भिंतीच्या पोटातल्या बोगद्यात, दाबाचे काटे वाचत.
म्हणाला, भिंतीला… पाणी किती… ते कळत नाही.
किती उंच… तेवढं कळतं.
मी म्हटलं, इथं किती भरभर, ते कळतं.
महिनाभर सावकाश साचलं तर पिशवी ताणत जाते,
लिटरभरही सोसते.
एका रात्रीत आलं तर कपभर पुरतं.
तुमचं सावकाशच होतं,
या आठवड्यात घाई झाली त्याला.

(ते धरणाचं पाणी डोंगराखालून परदेशी जातं.
मामोत्सेको झऱ्यावरून बादली आणते.)

हे मी आधी दोनदा केलं होतं.
दुसऱ्या वेळचं सांगत नाही.

दोन्हीकडच्या बरगड्या मिळतात त्याच्या खाली,
सुईचा रोख डाव्या खांद्याकडे,
नर्स पालेसा स्क्रीनकडे बघत: अजून. अजून. थांबा.
सिरिंजमध्ये लाल आलं
आणि माझ्याच काळजाचं पाणी झालं.

थोडं वाटीत काढलं. दिव्याखाली धरलं.
एक मिनिट. तीन. पाच.
गोठेना.
म्हणजे काळजातलं नव्हे,
भोवतीचं.

गंजक्या नळाच्या पहिल्या धारेसारखं ते,
पन्नास मिली निघालं तेवढ्यात
पालेसा म्हणाली, ब्लडप्रेशर नव्वद.
मग एकशे दहा.
मग त्यानं एक अख्खं वाक्य बोलून दाखवलं,
विसावा न घेता,
चहाबद्दल होतं ते.

नऊशे साठ निघालं, सावकाश, नळी ठेवून.
हे टीबीचं असणार, मी मामोत्सेकोला सांगितलं,
सहा महिने गोळ्या, या वेगळ्या,
यांतली मात्र एकही चुकवू नका.
तिनं विचारलं, मग त्या आधीच्या?
मी बंद करा म्हटलं.
का, ते तेव्हाही नाही सांगितलं.
दिवस उजाडल्यावर सांगितलं, बाहेर, व्हरांड्यात.
ती बराच वेळ पिन उघडत मिटत राहिली.

आत तो सपाट झोपला होता,
अकरा दिवसांनी पहिल्यांदा.
नळीची पिशवी मुद्दाम स्वतःच्या बाजूला टांगून घेतलेली.
आणि लघवीच्या गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यावर
पेन्सिलीनं, सरळ रांगेत,
धरणातल्या त्याच अक्षरात:

चार वाजता, पस्तीस.
पाच वाजता, वीस.
सहा वाजता, झोप लागली, वाचलं नाही.